कुटुंब दत्तक कार्यक्रम: ओट्यावरून केलेले परीक्षण

कोणत्याही सेवेचे परीक्षण करायचे तर तिचा ग्राहक कोण, हे आधी ठरवावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात गाडी इथेच अडते. कागदावर ग्राहक आहे एमबीबीएसचा विद्यार्थी: त्याला गाव दिसावे, माणसांशी बोलता यावे, आजार घरात कसा राहतो ते कळावे. पण सेवा घडते दुसऱ्याच्या, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या गावातल्या घराच्या, ओट्यावर. वेळ त्या घराचा जातो, रक्तदाबाचा पट्टा घरच्यांच्या दंडाला गुंडाळला जातो आणि सुईही त्यांच्याच बोटाला टोचते. महाविद्यालयांचे अहवाल वाचायला छान असतात, सोबत फोटोही असतात. हे परीक्षण मात्र ओट्यावर बसून केलेले आहे.

आधी मालाचे वर्णन. मार्च २०२२ मध्ये आयोगाने हा कार्यक्रम २०२१-२२ च्या तुकडीपासून लागू केला आणि २०२३ च्या पदवी शिक्षण नियमावलीत त्याला पक्के स्थान दिले. पहिल्या वर्षात आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली तीन ते पाच कुटुंबे नेमून द्यायची आणि तिसऱ्या व्यावसायिक वर्षापर्यंत त्याने त्याच घरी जात राहायचे. त्यासाठी वेळापत्रकात पहिल्या वर्षी २७ तास, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २१, असे एकूण ७८ तास आहेत. एका फेरीला तीन तास धरले तर २६ फेऱ्या होतात. पहिल्या वर्षी ओळख, कुटुंबाची माहिती, स्वच्छता, लसीकरण, रक्तक्षयाची प्राथमिक तपासणी. पुढे क्षयरोग, व्यसने, दीर्घ आजार. शेवटी तीन वर्षांत त्या घराच्या आरोग्यात काय बदलले याचा आढावा. मध्येच औषधी झाडे लावण्याचेही एक काम आहे. ते रोप पुढच्या उन्हाळ्यात जिवंत असते का, हे विचारू नये.

नावाबद्दल एक कुरकुर. मराठीत दत्तक घेणारा वडीलधारा असतो आणि दत्तक जाते ते लेकरू. इथे अठरा-एकोणीस वर्षांचे पोर सत्तरीच्या आजीला दत्तक घेते! कार्यक्रम चांगला चालतो तिथे प्रत्यक्षात होते ते उलटेच. घर त्या पोराला आपल्यात घेते, त्याला बोलायला शिकवते, चुकले की सांगते. नाव तसे असते तर बरेच गैरसमज टळले असते, कारण ‘दत्तक घेतले’ म्हटले की घरातल्यांची अपेक्षा औषधपाणी, ऑपरेशन आणि ॲम्ब्युलन्सपर्यंत जाते. आणि दारात उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला अजून पॅरासिटामॉल लिहून देण्याचाही अधिकार नसतो.

कल्पना नवी नाही. १९७७ मध्ये केंद्राने वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवण्याची एक योजना आणली होती. प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आपल्याकडे घ्यायची, असे तिचे रूप होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर १९६९ मध्ये स्थापना झाल्यापासून गाव हा अभ्यासाचाच भाग आहे. नव्या विद्यार्थ्यांचे आधी पंधरवडाभर आश्रमात शिबिर होते, मग एका गावात पंधरा दिवस मुक्काम, आणि नेमलेल्या कुटुंबांकडे पुढे दर महिन्याला फेरी. आजच्या कार्यक्रमात जे चांगले आहे ते बहुतेक तिथे आधीपासून होते, आणि आजच्या कार्यक्रमात जे गळाले आहे तेही तिथेच दिसते: मुक्काम. पंधरा दिवस गावातले पाणी पिऊन, गावातल्या संडासात जाऊन, रात्री नऊला सामसूम झालेल्या रस्त्यावरून चालून मुलगा जे शिकतो, ते तीन तासांच्या बसफेरीत येत नाही. सेवाग्रामने आणखी एक गोष्ट जमवली होती. गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन दवाखान्यात सवलतीचे उपचार. घर काही देते आणि बदल्यात काही हक्काने मागते, असा तो व्यवहार होता. नव्या कार्यक्रमात घर देते ते दिसते. मागायचे कुठे, ते लिहिलेले नाही.

आता आकडेमोड. १५० जागांचे महाविद्यालय घ्या. प्रत्येकी पाच कुटुंबे म्हणजे ७५० घरे. घरटी साडेचार माणसे धरली तर सुमारे ३,४०० लोक. साधारण हजार वस्तीमागे एक आशा स्वयंसेविका असते, म्हणजे एका तुकडीमागे तीन-चार आशांचा पूर्ण परिसर गेला. तीन तुकड्या एकाच वेळी चालू असतात, तेव्हा आकडा २,२५० घरांवर जातो. हे सांभाळायला जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागात मोजके शिक्षक, काही निवासी डॉक्टर आणि एक-दोन वैद्यकीय समाजसेवक. म्हणून प्रत्यक्षात एक शिक्षक पंचवीस-तीस मुलांना घेऊन गावात उतरतो, ग्रामपंचायतीसमोर हजेरी घेतो आणि मुले गल्ल्यांत पांगतात. मुलाने पाच घरांत काय विचारले, काय मोजले, काय सांगितले, हे पाहायला तिथे कोणीच नसते. पाचऐवजी तीनच घरे द्यावीत, हे आमचे ठाम मत. नियमात तीनची सोय आहे. तरी पाचचा हट्ट धरला जातो, कारण अहवालात ७५० हा आकडा ४५० पेक्षा भारदस्त दिसतो.

फेऱ्यांच्या आखणीला पाचपैकी दोन गुण. महाविद्यालयाची बस सकाळी दहाला निघते, अकराच्या सुमारास गावात पोचते आणि दीडला परत फिरते. त्या वेळी घरात असतात म्हातारी माणसे, एखादी सून आणि अंगणवाडीतून परतलेले मूल. कमावती माणसे शेतावर, कंपनीत किंवा तालुक्याला. म्हणजे ज्या चाळिशीतल्या पुरुषाचा रक्तदाब कधीच कोणी मोजलेला नाही तो २६ पैकी २६ फेऱ्यांत भेटत नाही, आणि ज्या आजीचा रक्तदाब आशाताई दर महिन्याला बघते तिचाच पुन्हा मोजला जातो. कोकणात जुलैमध्ये लावणी असते, विदर्भात दिवाळीनंतर कापसाची वेचणी, आणि प्रत्येक गावाचा एक आठवडी बाजार. हे तीन दिनमान बघून वेळापत्रक केले तरी निम्मा त्रास वाचतो. बीड, जालना, अहिल्यानगरच्या पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ती थेट पाडव्याच्या आसपास परततात. अशी घरे नेमून घेतली तर नोंदवहीत सहा महिने ‘घर बंद’ लिहावे लागते. मग मुले काय करतात? शेजारचे उघडे घर धरतात, किंवा मागच्या फेरीचे आकडे थोडे खालीवर करून उतरवतात. ही घरे वगळू नयेत, आरोग्यसेवेची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. पण त्यांच्या फेऱ्या मे ते सप्टेंबर या काळात दाटीने लावाव्यात आणि एक रविवारी सकाळची फेरी सगळ्यांसाठीच सक्तीची करावी. रविवारी शिक्षक मिळत नाहीत, हे खरे कारण आहे. तेवढ्यासाठी बदली सुट्टी देणे अवघड नाही.

पहिल्या फेरीची प्रश्नावली ही या सेवेतली सर्वांत ओबडधोबड वस्तू. बहुतेक ठिकाणी ती जुन्या कौटुंबिक सर्वेक्षणाच्या तक्त्यावरून उचललेली असते. कुटुंबप्रमुखाचे नाव, जात, धर्म, शिक्षण, आणि लगेच चौथा-पाचवा प्रश्न: ‘महिन्याचे उत्पन्न किती?’ हा आकडा लागतो तो प्रसाद किंवा कुप्पुस्वामी मोजपट्टीवर घराचा आर्थिक स्तर काढायला, आणि तो तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून मुलांना हवा असतो. पण अनोळखी पोराने दारात उभे राहून उत्पन्न विचारले की घर सावध होते. रेशनकार्ड पिवळे की केशरी, योजना बंद पडेल का, ही शंका येते आणि खरा आकडा मिळत नाही. शेतकरी घरात महिन्याचे उत्पन्न असा प्रकारच नसतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला, ओळख झाल्यावर, ‘औंदा सोयाबीन किती क्विंटल झाले, भाव काय लागला, मजुरीवर किती गेले’ असे विचारावे आणि बाराने भागावे. जो घरचे होऊन विचारतो त्याला हे दहा मिनिटांत कळते.

आहाराच्या चौकशीचेही तसेच. काल दिवसभरात काय खाल्ले, हा प्रश्न चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी विचारला तर उत्तरात साबुदाणा येतो, आणि श्रावणात विचारला तर घर शाकाहारी ठरते. वाटी कुणाची, हेही महत्त्वाचे: घरातली वाटी हातात घेऊन तिच्यात पाणी किती मावते ते एकदा मोजून ठेवावे. तेल-मीठ ‘किती घालता’ असे विचारून कधीही कळत नाही. तेलाचा पुडा किती दिवस पुरतो आणि जेवणारी माणसे किती, एवढे दोनच आकडे घ्यावेत. एक लिटरचा पुडा पाच माणसांत आठ दिवस पुरला तर माणशी दिवसाला २५ मिलिलिटर. हा हिशोब घरच्या बाईसमोर, तिच्याच तोंडून करून घेतला की वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

भाषेच्या बाबतीत हा कार्यक्रम उघडा पडतो. शासकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, आणि अभिमत विद्यापीठांत तर सगळेच प्रवेश देशपातळीवरून होतात. त्यामुळे गावात उतरणाऱ्या गटात मराठी न येणारी मुले असणारच. प्रवेशानंतरच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे धडे असतात, पण त्यांत ‘तुमचे नाव काय’, ‘बाजार कुठे आहे’ असली वाक्ये घोटून घेतली जातात. ओट्यावर कामाला येतात ते शब्द वेगळेच. ‘अंगावरून जातं’ म्हणजे काय, आणि ते लाल की पांढरे हे विचारायचे कसे. ‘गरगरतं’ आणि ‘डोळ्यांपुढं अंधारी येते’ यात फरक आहे, पहिल्यात भोवतालचे फिरते आणि दुसऱ्यात बाई पडायच्या बेतात असते. ‘धाप लागते’, ‘छातीत कळ येते’, ‘छातीत जळजळतं’ ही तीन वेगळी दुखणी. ‘कणकण’ म्हणजे थर्मामीटरवर न दिसणारा ताप. ‘मुंग्या येतात’ हे मधुमेही माणसाने म्हटले तर त्याच्या पायांचे तळवे बघायला हवेत. ‘उसण भरली’ला पुस्तकी इंग्रजीत धड शब्द नाही. मराठी घरात वाढलेल्या शहरी मुलांनाही यातले निम्मे ठाऊक नसतात. असे शंभर-सव्वाशे शब्द प्रत्येक विभागाने आपल्या जिल्ह्यापुरते गोळा करावेत आणि ते आशाताईंकडून तपासून घ्यावेत. विदर्भातला शब्द कोल्हापुरात चालतोच असे नाही. भाषा येणारा आणि न येणारा अशी जोडी लावण्याची पद्धत बरी आहे, पण तिच्यात एक खोट आहे: तीन वर्षे एकच बोलतो आणि दुसरा नुसता लिहून घेतो. दर फेरीला अदलाबदल सक्तीची करावी.

बोलण्याचा सूरही इथेच शिकायचा. आजी, मावशी, काका, दादा म्हणत ओट्याच्या कडेला टेकणारा मुलगा आणि उभ्यानेच ‘पेशंट कोण आहे?’ विचारणारा मुलगा यांना एकाच घरातून दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात. घरातली सून सासूसमोर पाळीबद्दल बोलत नाही, म्हणून गटातल्या मुलीने तिला पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गाठावे. हे कुठल्या पुस्तकात नसते, पण चांगले शिक्षक ते आवर्जून सांगतात.

मोजमापाची साधने स्वस्त आहेत आणि चुकाही ठरलेल्या आहेत. रक्तदाबाच्या यंत्राबरोबर एकच मध्यम पट्टा येतो. आतली फुगवायची पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के लांब हवी. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा वर दाखवतो आणि धडधाकट बाईला उगाच ‘बीपी’ लागते. त्यात मुले घरात शिरल्या शिरल्या मोजतात. आजी विहिरीवरून आलेली असते, गप्पा चालू असतात, हात लोंबकळत असतो. पाच मिनिटे शांत बसू द्यावे, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीला, आणि दोनदा मोजावे. पहिल्या दिवशी १४०/९० च्या वर आला म्हणून कुणाला बीपीचा रोगी म्हणायचे नसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे असते. पण पुढची फेरी महिन्याने! म्हणून तेवढ्यापुरती आशाताईंशी किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी सांगड घालावीच लागते.

वजनकाटा सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो आणि दोन किलोचा फरक सहज दाखवतो. फरशी किंवा सपाट दगड शोधावा. काट्याची परीक्षा सोपी आहे: आधी रिकामा हंडा ठेवा, मग त्यात मोजून दहा लिटर पाणी ओता. काट्याने बरोबर दहा किलो वाढ दाखवली पाहिजे. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचताना स्पिरिट सुकू द्यायचे, पहिला थेंब पुसायचा आणि बोट दाबून रक्त काढायचे नाही. दाबले की पेशींमधले पाणी मिसळून आकडा खाली येतो. माणशी एक सुई, आणि वापरलेल्या सुया जाड भिंतीच्या बंद डब्यात. काही गटांत त्या कापसासकट पिशवीत टाकून बसमध्ये नेल्या जातात, हा सरळ गुन्हा समजावा. गरोदर नसलेल्या बाईला १२ आणि गरोदर बाईला ११ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय, हे मुलांना पाठ असते. पण गोळ्या खाल्ल्या का, या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर ठरलेले असते, त्यावर विसंबू नये. शौचाला काळे होते का, ते विचारावे. नुसते ‘नाही’ आले तर गोळ्या फळीवर असण्याची शक्यता मोठी. आणि गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, हे सकाळच्या गोळीचे सगळ्यांत नेहमीचे अपयश. या भागाला, म्हणजे मुलगा स्वतःच्या हाताने मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो, याला पाचपैकी चार.

आणि आता खरी कसोटी. काही सापडले तर पुढे काय?

समजा, घरातल्या काकांची साखर २८० निघाली. मुलगा नोंदवहीत लिहितो, शिक्षक सही करतात आणि घराला सांगितले जाते, ‘आमच्या हॉस्पिटलला या.’ इथून ही सेवा गळायला लागते. हॉस्पिटल तीस-चाळीस किलोमीटरवर. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबतीला एक माणूस. केसपेपरच्या रांगेत तास गेला की खोली क्रमांक विचारत हिंडायचे, आणि ओपीडी साडेबारा-एकला आटपते. तिथल्या डॉक्टरला हे ‘दत्तक कुटुंब’ आहे याची गंधवार्ता नसते. तो पुन्हा रक्त तपासायला लावतो, अहवाल उद्या मिळेल म्हणतो. काका परत येत नाहीत. पुढच्या महिन्यात मुलगा पुन्हा साखर मोजतो, पुन्हा २७५, पुन्हा लिहितो. चौथ्या फेरीला काका मागच्या दाराने बाहेर पडतात. घर कंटाळले, असे अहवालात येते. ते पोरांना कंटाळलेले नसते. त्याच त्या मोजणीला ते वैतागलेले असते. कोविडच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’पासून घरांनी किती तरी सर्वेक्षणे पाहिली, आशाताईंचा तीस वर्षांवरील सगळ्यांचा तक्ता दरसाल भरला जातो. पुन्हा तेच प्रश्न नव्या पोराने विचारायचे असतील तर त्यातून घराला काही तरी मिळायला हवे.

इलाज साधा आहे आणि फार खर्चाचाही नाही. तीन भागांत फाडता येणारी चिठ्ठी छापावी. एक तुकडा घराकडे, एक आशाताईंकडे, एक विभागात. घराच्या तुकड्यावर नुसते ‘मेडिसिन विभाग’ लिहून भागत नाही: कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, कितव्या मजल्यावरची कितवी खोली, आणि तिथे उतरल्यावर कोणाला भेटायचे. तो माणूस वैद्यकीय समाजसेवक असावा, विद्यार्थी नव्हे, कारण विद्यार्थ्याला परीक्षा असतात. सोबत रेशनकार्ड आणि आधार आणायचे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो, हे दोन ओळींत. तपासणाऱ्या डॉक्टरने तुकड्याच्या पाठीमागे निदान आणि गोळ्या लिहून परत पाठवाव्यात. आणि पुढच्या फेरीचे पहिले काम एकच: मागच्या चिठ्ठीचे काय झाले? दोन महिन्यांत उत्तर न आलेल्या चिठ्ठ्यांची यादी विभागप्रमुखांच्या टेबलावर. किती घरे घेतली यापेक्षा किती चिठ्ठ्या परत आल्या हा आकडा अहवालात छापला तर या कार्यक्रमाची खरी प्रत एका नजरेत कळेल.

इथे आतली एक गोष्ट सांगायला हवी. महाविद्यालयाला मान्यतेसाठी ओपीडीतली गर्दी आणि भरलेल्या खाटा दाखवाव्या लागतात. त्यामुळे गावातून बस भरून रुग्ण आणण्याचा मोह मोठा असतो, विशेषतः तपासणी तोंडावर असली की. ज्याला जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची महिन्याची गोळी फुकट मिळू शकते, त्याला चाळीस किलोमीटर दूर बोलावणे हे शिक्षणही नाही आणि सेवाही नाही. चिठ्ठी कुठे पाठवायची याचा निर्णय जवळच्या सरकारी दवाखान्यापासून सुरू व्हावा आणि महाविद्यालय शेवटी यावे. साध्या रक्तदाबासाठी उपकेंद्र, गर्भाशयाच्या गाठीसाठी महाविद्यालय. हा फरक करता येणे हाच विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा धडा, आणि तो चुकीचा शिकवला तर जन्मभर चुकीचा राहतो. या भागाला पाचपैकी एक, तोही काही विभागांच्या प्रामाणिक धडपडीसाठी.

संमतीचा कागद बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतो किंवा इंग्रजीचे अडखळते मराठी. ‘सदर अध्ययनात माझा सहभाग स्वेच्छेने आहे’ हे कुणाला समजावे? त्याऐवजी: ‘ही मुले डॉक्टर व्हायला शिकत आहेत. औषध देणार नाहीत. तुम्ही कधीही नको म्हणू शकता, त्यामुळे तुमची कोणतीही योजना किंवा उपचार बंद होणार नाहीत.’ एवढे मोठ्याने वाचून दाखवावे. पुराव्यासाठी काढलेले ठिकाण-वेळेसह फोटो ही आणखी एक डोकेदुखी. ते गटाच्या व्हॉट्सॲपवर पडतात, आणि घराची माहिती भरलेले गूगल फॉर्म मुलांच्या खासगी खात्यांवर राहतात. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा आला, पण कोणाला टीबी आहे आणि कोणाचा नवरा पितो, हे पोराच्या मोबाइलमध्ये असू नये यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नव्हती. फोटो ग्रामपंचायतीसमोर गटाचा एक काढावा, घरात नाही. नोंदीत नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांकांची यादी विभागाच्या कपाटात.

या सगळ्यात घराला बोलायला जागा कुठे? ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलने २०११ मध्ये वैद्यकीय शाळांसाठी रुग्ण आणि लोकसहभागाविषयी सल्ला काढला. रुग्णांनी शिकवावे, विद्यार्थ्यांना अभिप्राय द्यावा, मूल्यमापनात भाग घ्यावा, अभ्यासक्रमाच्या आखणीतही बसावे, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे पाच कुटुंबे तीन वर्षे एका मुलाला जवळून पाहतात आणि त्याच्याबद्दल त्यांना एक अक्षरही विचारले जात नाही. नोंदवहीवर सही शिक्षकाची, जो त्या घरात बहुधा गेलेलाच नसतो. दर सहा महिन्यांनी समाजसेवकाने मुलाच्या गैरहजेरीत घरी जाऊन चार प्रश्न विचारावेत. सांगितलेल्या वेळी आला का? बसून बोलला का? तपासणीचा आकडा तुम्हाला समजावून सांगितला का? पुन्हा आलेला चालेल का? उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच, लिहिणे-वाचणे न येणाऱ्यालाही देता येतात. घाबरून सगळेच ‘पोरगं चांगलं आहे’ म्हणतील, हा आक्षेप खरा आहे. पहिल्या खेपेला म्हणतीलच. म्हणून पहिल्या खेपेचे उत्तर धरू नये. चौथ्या प्रश्नाला किंचित थांबून आलेले ‘येऊ दे की’ आणि झटकन आलेले ‘येऊ दे’ यातला फरक अनुभवी समाजसेवकाला ओळखता येतो.

याच कामाचे दुसरे दुकान म्हणजे कौशल्य प्रयोगशाळेतला नकली रुग्ण. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये ही पद्धत सुरू केली: शिकवून तयार केलेला माणूस रुग्णाची भूमिका करतो, दर विद्यार्थ्याला तीच लक्षणे सांगतो आणि नंतर अभिप्रायही देतो. परीक्षेसाठी ती उत्तम, वाईट बातमी सांगण्याच्या सरावासाठी तर फारच. आणि वॉर्डातल्या ‘चांगल्या केस’चे हाल तिने कमी होतात. एकाच यकृतावर दहा मुलांनी दहा वेळा हात दाबायचा, ही आपल्या वॉर्डातली रीत. पण नकली रुग्णाच्या घरात चूल नसते, फळीवर न खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटे नसतात. ओट्याला तो पर्याय नाही.

शेवटचा दोष तीन वर्षांनंतरचा. तिसरे वर्ष संपले की मुलगा जातो आणि फाइल बंद होते. पुढच्या तुकडीला सोयीने दुसरे गाव दिले जाते. ज्या घराने त्याला साखर मोजायला शिकवले त्या घराकडे हातात काही उरत नाही. जाण्यापूर्वी प्रत्येक माणसाचे एक पानी कार्ड, मराठीत, मोठ्या अक्षरात: तीन वर्षांतले रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तारखांसह, चालू गोळ्यांची नावे, पुढची तपासणी कधी आणि कुठे. एक प्रत आशाताईंकडे. आणि शेवटच्या फेरीला नवा विद्यार्थी सोबत हवा, म्हणजे त्याच आजीला पुन्हा पहिल्यापासून जात, शिक्षण आणि महिन्याचे उत्पन्न सांगावे लागणार नाही.

तुमच्या दारात अशी मुले आली तर त्यांना बसायला सांगा. मग पहिल्याच दिवशी तीन गोष्टी मागून घ्या: विभागाचा फोन क्रमांक, पुढच्या फेरीची तारीख, आणि मोजलेला प्रत्येक आकडा तुमच्या स्वतःच्या वहीत. वही चौरेघी चालेल, पण ती तुमच्याच घरात राहिली पाहिजे.